वीज किती यापेक्षा वीज कधी? सोलापुरातून काही हिशेब

सोळा माग

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीची डीपी, म्हणजे वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, दुपारी सव्वाबाराला गेली आणि वीज आली रात्री आठनंतर. माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सोळा यंत्रमागांचा. ते सोळाही एका क्षणी थांबले. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही, तो थांबला की ऐकू येतं.

टॉवेल अर्धा विणून झालेला असताना माग थांबला की पुन्हा सुरू होताना त्या जागी पट्टा उमटतो. तो नग सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात जातो. सोळा माग, सोळा नग. हे नुकसान माझं. कामगारांना मजुरी नगावर मिळते, त्यामुळे त्यांचा अख्खा दिवस गेला. शेजारच्या रंगाईवाल्याचं सूत कढईत अर्ध्या रंगावर अडकलं, त्या लॉटची छटा पुन्हा जुळलीच नाही. नेमकी त्याच दिवशी आमच्या भागाची पाण्याची पाळी होती. पाणी आलं, पण मोटर नाही म्हणून वरच्या टाकीत चढलं नाही. सोलापुरात पाळी हुकली की पुढचे तीन-चार दिवस कसे जातात हे इथल्या माणसांना सांगायला नको. पिठाची गिरणी बंद, म्हणून संध्याकाळी आईनं भाकरीऐवजी भात टाकला. सहाच्या सुमारास मोबाईलचं नेटवर्कही गेलं.

त्या रात्री बसून मी पहिल्यांदा नीट विचार केला की वीज म्हणजे काय. माझे आजोबा तेलंगणातून आले तेव्हा खड्डामागावर बसायचे. पायांनी पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा. धडधाकट माणूस दिवसभर टिकवून काम करतो तेव्हा त्याच्या अंगातून साधारण ७५ ते १०० वॅट ताकद निघते. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट, म्हणजे त्याच्या आठ तासांचे झाले जेमतेम पाऊण युनिट. म्हणजे मीटरवर एक युनिट पडतं तेव्हा माझ्या आजोबांच्या दीड दिवसाच्या कष्टाएवढं काम झालेलं असतं. माझ्या कारखान्यात रोज दीडशे युनिट जळतात. दोनशेच्या वर आजोबा रोज माझ्यासाठी राबतात, असा त्याचा अर्थ. हे मनात आलं तेव्हा झोप लागली नाही.

या गावाचा इतिहासच इंधनाचा आहे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. या गिरण्या वाफेवर उभ्या राहिल्या. गावाचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा, आणि तो भोंगाही बॉयलरच्या वाफेचाच. पुढे विजेची मोटर आली आणि एक मोठी गोष्ट बदलली: ताकद लहान तुकड्यांत विकत मिळू लागली. वाफेच्या इंजिनाला शेठ लागायचा. दीड एचपीच्या मोटरला माझ्या वडिलांसारखा कर्ज काढणारा जॉबर (मागांची देखभाल करणारा कामगार) पुरला. शहराच्या पूर्वभागात घराघरांत माग गेले ते या एका गोष्टीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

आता इथे हा चर्चेचा धागा काढण्याचं कारण. दोन वर्षांपूर्वी मी पत्र्यावर १० किलोवॅटचं सोलर बसवलं. माझी समजूत अशी की आता वीज गेली तरी माग चालणार. त्या दुपारी डोक्यावर एप्रिलचं ऊन, पॅनल तापलेले, आणि सोलरही बंद! तेव्हापासून मला वाटतं की आपण सगळे ‘कोळसा की सूर्य’ एवढंच भांडतो आणि खरा प्रश्न राहून जातो. वीज कुठल्या वेळी येते, आणि ती वेळ कुणाच्या सोयीची असते? तुमचे तुमचे हिशेब लिहा. भांडण चालेल, पण हिशेबासकट.

वायरमनकाका

दादा, सोलर बंद पडलं ते बिघडून नाही. तसंच ते बनवलेलं असतं. तुमचा इन्व्हर्टर लाइनचा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, ठेका धरून चालतो. लाइन मेली की त्यानं दोन सेकंदांच्या आत थांबलंच पाहिजे. नाहीतर तुमच्या पत्र्यावरची वीज उलटी डीपीतून वर चढते, आणि खांबावर ‘लाइन बंद आहे’ म्हणून हात घालणारा पोरगा मरतो. मी तीस वर्षं खांबावर चढलो आहे, म्हणून हे कळकळीनं सांगतो. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. सोळा मागांना तो खर्च झेपणार नाही. घरातले दिवे, पंखे आणि पाण्याची मोटर एवढ्यापुरता झेपेल.

ठेक्यावरून आठवलं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात लागोपाठ दोन दिवस ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जोडलेलं जाळं, कोसळलं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या वर लोक अंधारात होते. त्या वेळी दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाच्या ठेक्यात नव्हतं. ते जोडलं गेलं ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइननं. पूर्ण देश एका ठेक्यावर आला तो आपल्या सोलापूरच्या तारेनं. चादरीवर आपण जेवढा अभिमान बाळगतो, त्याच्या निम्मा तरी या तारेवर बाळगावा.

भीमाकाठ

सोळा मागवाले दादा, तुमची आठ तास गेली तर एवढा मोठा धागा आला. आमच्याकडं मागच्या वर्षापर्यंत आठवडाभर दिवसाची लाईट असायची, आठवडाभर रात्रीची. आन् रोज तीन फेजची लाईट आठच तास. रात्री बारा वाजता उसात दारं धरायला जायचं, हातात बॅटरी, पायात गमबूट. सापाचं भ्या तर कायमचंच. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्यात बिबट्यानं माणसं मारली, तवा रात्रीच्या लाईटवर किती बोलणं झालं. बिबट्या मेला, बोलणं संपलं.

आमच्यात सगळ्यांनी मोटरला ‘ऑटो’ लावलेला. का, तर लाईट येईल तवा मोटर आपोआप चालू व्हावी, निदान झोप तरी मिळावी. मग लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटरी एकाच दमात उठत्यात. चालू होताना मोटर कैक पट करंट ओढती. डीपी जळती. मग वर्गणी काढून टेम्पो करा, जळकी डीपी घेऊन जा, आठ दिवस वाट बघा. ऑटो काढा म्हणत्यात, खरंय त्यांचं. पण बारा वाजता उठून बटण दाबायला त्यांनी यावं.

तुम्ही म्हणता ते एकदम पटलं. लाईट फुकट द्या असं मी कधी म्हटलं नाही. दिवसा द्या म्हटलं.

गाळप हंगाम

जिल्ह्यात साखर कारखाने राज्यात सगळ्यात जास्त. मी एका कारखान्यात सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनवर काम करतो. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो भुसा, म्हणजे बगॅस, राहतो. पूर्वी तो जाळून संपवणं हेच काम असायचं. आता उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये तो जाळून आधी टर्बाइन फिरवतो, आणि टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेवर रस आटवतो. एकाच इंधनातून दोन कामं होतात. उरलेली वीज ग्रीडला जाते.

पण ‘कधी’ हा प्रश्न इथेही सुटत नाही. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि बहुतेक वेळा मार्च उजाडेपर्यंत संपतो. जिल्ह्याला विजेची खरी भूक एप्रिल-मे मध्ये लागते, तेव्हा आमचं टर्बाइन ओव्हरहॉलला उघडलेलं असतं. इथेनॉलचंही तसंच. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं अचानक बंधन आणलं, कारण पाऊस कमी आणि साखर कमी पडण्याची भीती. उसावर चालणारी ऊर्जा शेवटी पावसावर चालते.

फताटेवाडीजवळचा

औष्णिक प्रकल्पाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आपल्या दारात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १३२०. पहिला २०१७ मध्ये चालू झाला, दुसरा २०१९ मध्ये. दोन्ही पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालले तर सव्वातीन कोटींच्या आसपास युनिट तयार होतात. युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे रोज वीस हजार टन. एका मालगाडीत चार हजार टनांच्या आसपास बसतो. रोज पाच मालगाड्या, आणि सोलापूर जिल्ह्यात कोळशाची एक खाण नाही. आपल्याकडच्या कोळशात राख तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, म्हणजे रोज सहा-सात हजार टन राख. ती विटांत, सिमेंटात, रस्त्याच्या भरावात जाते. जी जात नाही ती मी उन्हाळ्याच्या वाऱ्यात अंगणात बघतो.

सोळा मागवाल्या दादांना एकच विचारायचं आहे. उजनी धरणात २०२४ च्या उन्हाळ्यात मृतसाठ्याच्याही निम्म्याखाली पाणी गेलं. शहराला चार दिवसांआड पाणी. अशा जिल्ह्यात पाणी उकळून वीज करायची, हे बरोबर आहे का?

सोळा माग

तुमचा प्रश्न मलाही कित्येक दिवस बोचत होता, म्हणून मी तो कागदावर मांडला. नव्या औष्णिक प्रकल्पांना युनिटमागे तीन लिटर पाण्याची कमाल मर्यादा आहे. तुमच्या सव्वातीन कोटी युनिटला रोज साडेनऊ कोटी लिटर. वर्षभर एक दिवसही न थांबता चाललं तर सव्वा टीएमसी (अब्ज घनफूट). उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा.

आता उसाचं बघू. उसाला वर्षाला ढोबळ २००० मिलिमीटर पाणी लागतं. आपला पाऊस पाचशे-साडेपाचशे. उरलेलं द्यावं लागतं, म्हणजे एकराला साठ लाख लिटर. अख्ख्या प्रकल्पाचं वर्षाचं पाणी भागिले साठ लाख केलं तर पावणेसहा हजार एकर ऊस येतो. जिल्ह्यातला ऊस याच्या कितीतरी पट आहे. प्रकल्पाला पाणी लागत नाही असं मी म्हणत नाही. पण उजनी रिकामं कोण करतं, याचं उत्तर चिमणीकडे बोट दाखवून मिळणार नाही.

आणि ते पाणी बोअरमधून आलं तर? तीनशे फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला शेतातल्या मोटरला अर्धा युनिट तरी लागतो. साठ लाख लिटरला तीन हजार युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचे अडीच वर्षांचे दिवे एका एकरात जातात.

भीमाकाठ

हिशेब बरोबर असंल. पण दादा, ऊस आम्ही हौसेनं लावत नाही. उसाला दर कायद्यानं ठरलेला, तोडायला टोळी येती, पैसा उशिरा का होईना येतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सगळ्यांना खायला गोड लागती. एक पाणी नाही दिलं तरी काळ्या रानातल्या ओलीवर येती, ना मोटर ना लाईट. पण काढणीला माणूस मिळत नाही आन् बाजारात भाव मिळत नाही. बिनलाईटीच्या पिकाला दर द्या, आमच्या निम्म्या मोटरी आपोआप बंद होतील. हे मी मनापासून लिहितोय.

दुसरं. आमच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या लाईनवर, मागच्या वर्षी सोलर आलं. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतलं, राज्यभर १६,००० मेगावॅटचं काम आहे म्हणत्यात. उपकेंद्राच्या जवळ गायरानात पॅनल लागले. आता आम्हाला दिवसा लाईट आहे. आभाळ आलं की रडती, पण दिवसा आहे. माझ्या बायकोनं लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा उन्हाळाभर निवांत झोप काढली. तुमच्या धाग्यात युनिटाचा हिशेब लई झाला, हाही कुठंतरी लिहून ठेवा.

पूर्वभागातली

सगळे दादा-काका वाचले. मी विड्या वळते, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. दहा बाय बाराची भाड्याची खोली, वर मालकाचा पत्रा. तीन किलोवॅटच्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान मिळतं असं टीव्हीवर रोज सांगतात. पण ते ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे त्याला. आमच्यासारख्यांनी पॅनल कुठे ठेवायचं? मालकाचं एकच मीटर, तो आमच्याकडून युनिटला त्याच्या मनाचा दर घेतो. सहा खोल्यांचा वापर एका मीटरवर मोजला जातो म्हणून दराचा टप्पा, स्लॅब, वर चढतो. शंभर युनिटच्या आत वापरणारी मी, तीनशेच्या वरचा दर भरते.

गॅस आहे, २०१७ ला उज्ज्वलाचा मिळाला. आईच्या चुलीसारखा धूर नाही, डोळ्यांना फरक पडला. पण महिन्याच्या शेवटी आंघोळीचं पाणी अजून काटक्यांवरच तापतं. विड्यांचं पान भिजवायला, ओढायला दिवसाचा उजेड लागतो. एप्रिलात दुपारी पंखा बंद पडला की पत्र्याखाली बसवत नाही, घाम पानावर पडला की विडी छाटात (नापास मालात) जाते. म्हणून ‘कधी’ हे मला लगेच कळलं. मला रात्री दोन वाजता स्वस्त वीज देऊन उपयोग नाही.

मुळशीकर

मूळ मावळातला, आता नोकरीनिमित्त सोलापुरात. ‘वेळ कुणाच्या सोयीची’ याला मी ‘पाणी कुणाच्या सोयीचं’ जोडतो. मुळशी, लोणावळ्याच्या बाजूची टाटांची धरणं आहेत भीमेच्या खोऱ्यात. ते पाणी पूर्वेला उजनीकडे यायचं, ते सह्याद्रीतून पश्चिमेला कोकणात सोडून वीज केली जाते, कारण तिकडे सरळ कडा आहे आणि उंचावरून पडणारं पाणीच टर्बाइन फिरवतं. १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना ही वीज मिळाली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. आमची गावं त्यात गेली. सोलापूरकर आज हे पाणी मागतात, ती मागणी रास्तच आहे.

पण एक बाजू मांडायलाच हवी. पाण्याच्या विजेची खरी किंमत संध्याकाळी आहे. दरवाजा उघडला की काही मिनिटांत पूर्ण ताकद. भिरा आणि घाटघरला तर स्वस्त विजेच्या वेळी पाणी पुन्हा वर चढवून संध्याकाळी सोडतात. दिवसा सोलर जितकं वाढेल तितकी अशा साठवणीची गरज वाढणार. आपल्या उजनीच्या १२ मेगावॅटच्या वीजगृहातलं यंत्रही असं उलटसुलट फिरू शकणारं आहे.

सोळा माग

मुळशीकर, हे मला नवं होतं. देशाची वीज-क्षमता २०२५ मध्ये निम्मी बिगर-जीवाश्म (कोळसा-गॅस सोडून) झाली अशी बातमी आली. मी खूश झालो. मग कळलं की प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळसाच आहे, कारण रात्री सूर्य नसतो. मग मी कारखान्याचं वेळापत्रक बदलून बघितलं. आधी सकाळी आठ ते रात्री आठ पाळी होती. आता सहाला सुरू करतो, म्हणजे पॅनलची बहुतेक वीज मागांवरच जळते, आणि सहाला बंद. कामगार खूश आहेत, संध्याकाळ घरी मिळते.

माझ्याकडचे दोन अनुभव, बसवणाऱ्यांसाठी. सगळ्यात जास्त वीज एप्रिल-मे मध्ये येईल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, रोज चाळीस ते पंचेचाळीस युनिट. पॅनल तापलं की पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला पाव ते अर्धा टक्का वीज घटते, आणि आपल्या मे महिन्यात पॅनल साठ-पासष्टपर्यंत तापतं. दुसरं, धूळ. पाणी नाही म्हणून मी पहाटे दवानं ओलसर असताना मऊ कापडानं पुसतो. कापड अर्थातच सेकंडचा टॉवेल.

ताई, तुमच्या छपराच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझा पत्रा हजार-बाराशे चौरस फूट आहे आणि त्याखाली काम करणारे चौदा जण भाड्याच्या खोल्यांत राहतात. हे मी धागा काढताना लक्षातच घेतलं नव्हतं.

वायरमनकाका

ताई, एक करता येईल. स्वतंत्र मीटरसाठी भाडेकरूही अर्ज करू शकतो. भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र लागतं. सहा खोल्यांनी मिळून मालकाकडे जा, एकट्या जाऊ नका. मालकाला सांगा की प्रत्येक खोलीचं मीटर वेगळं झालं की त्याचं स्वतःचं बिलही खालच्या स्लॅबमध्ये येईल. तुमच्या खोलीत पंखा, दिवा, टीव्ही एवढंच असेल तर शंभर युनिटच्या आतच राहाल. अर्ज भरताना अडलं तर इथेच विचारा, मी रोज रात्री बघतो.

पूर्वभागातली

काका, संमतीपत्राचा नमुना टाकता का? रविवारी मालक गावाहून येणार आहे. चार खोल्यांतल्या बायका तयार आहेत, दोघींना आज विचारते.